दगा आप्पांची उघडी चाकं

दगा आप्पा मिस्तरी कुठल्याही गाडीकडे समोरून कधी येत नसत. गाडी शेडमध्ये शिरली की ते सरळ मागच्या चाकापाशी जाऊन उकिडवे बसत. टायरच्या आतल्या लोखंडी थाळीवर, जिला त्यांच्या धंद्यात डिस्क म्हणतात, आधी तळहात ठेवत आणि मग छोट्या हातोडीने चारपाच ठिकाणी टिचक्या मारत. डोळे मिटलेले, कान चाकाकडे. मालक बिचारा नव्या रंगाचं आणि नव्या काचांचं कौतुक सांगत उभा असे. "तोंड मंग देखसूत," आप्पा म्हणत, "पहिले पाय दाखाड." शहाद्याहून दोंडाईच्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर त्यांची पत्र्याची शेड होती. तिथे इंजिनाचं काम होत नसे, रंगाचं होत नसे. फक्त चाकं. चाळीस वर्षं त्या माणसाने फक्त चाकं पाहिली.

मी त्यांच्याकडे गेलो तो निवृत्तीनंतर. मी नवापूरकडच्या डोंगरातला, ख्रिस्ती शेतकऱ्याचा मुलगा. घरी आम्हा आदिवासींची कोकणी बोललो, शाळेत मराठी शिकलो आणि उरलेली सगळी नोकरी सरकारी दवाखान्यांत लोकांचे डोळे तपासण्यात गेली. मी डॉक्टर नाही. नंबर काढणं, डोळ्याचा दाब मोजणं आणि ज्याला गरज आहे त्याला डॉक्टरकडे धाडणं एवढंच माझं काम. हे मी आप्पांना शंभरदा सांगितलं, तरी ते मला डाक्टरच म्हणत. निवृत्त माणसाने खरं तर गप्प घरी बसावं. पण धडगावकडच्या डोंगरातल्या पाड्यांतून म्हातारी माणसं काठीला धरून खाली यायची आणि डोळ्यांचं शिबिर कालच झालं म्हणून परत जायची, हे मी इतकी वर्षं पाहिलं होतं की तपासणीच वर न्यायची असं डोक्यात घेतलं. छोटी गाडी चालणार नव्हती. अक्षरांचा तक्ता आणि माणूस यांच्यामध्ये वीस फूट अंतर लागतं. तेवढं अंतर फक्त बसमध्ये मिळतं.

अशी बस ब्राह्मणपुरीच्या एका पाटलांच्या वावरात उभी होती. गोल नाकाची, जुन्या घडणीची. तिच्यात ठिबकच्या नळ्या भरलेल्या आणि ड्रायव्हरच्या जागेवर कोंबडी अंड्यांवर बसलेली. पाटलांनी ती आनंदाने देऊन टाकली, कारण तिच्याखालची जमीन त्यांना हवी होती. आप्पांना मी दाखवायला नेलं. त्यांनी तिच्याभोवती एक फेरी मारली, प्रत्येक चाकापाशी बसले, आणि शेवटी पँटवर हात पुसत निकाल दिला, "बाई धडधाकट शे. पन साही पाय सडी गयात."

तिथेच मला पहिल्यांदा ते दिसलं. पाटलांच्या घरून चहा आला. आप्पांनी कपासाठी हात पुढे केला तो कपाच्या चार बोटं डावीकडे गेला, बशीची कड चाचपली आणि मग कप सापडला. उठताना डाव्या बाजूला पडलेल्या नळीला पाय अडकला. माझ्याशी बोलताना ते नुसती नजर वळवत नसत, अख्खी मान वळवत. अशी माणसं मी आयुष्यभर पाहिली होती. मला यंत्र लागत नाही. मी बोलायला तोंड उघडलं आणि मिटलं. मोतीबिंदू असेल, मी स्वतःला सांगितलं. मोतीबिंदू वाट बघतो, आज नाही तर सहा महिन्यांनी काढता येतो. काचबिंदू मात्र वाट बघत नाही, तो मुकाट्याने खात जातो आणि खाल्लेलं परत देत नाही. हेही मला माहीत होतं. पण त्या जुन्या मापाच्या चाकांना हात लावणारा दुसरा मिस्तरी शहाद्यात उरला नव्हता. आधी चाकं होऊ देत, मग यांचे डोळे बघू, असं मी ठरवलं. ठरवलं म्हणजे काय, सोयीचं तेवढं पदरात घेतलं.

चाकं काही होईनात. शहाद्याच्या एका कापूसवाल्या शेठनी मदत म्हणून नव्या जातीची सहा चाकं देऊ केली, नुसती चकाकती. मला वाटलं सुटलो. आप्पांनी एक डिस्क उभी करून तिच्या भोकांतून बोटं फिरवली. आमच्या बसचे नट निमुळते, या डिस्कची भोकं सपाट. नट बसायचा, पण घट्ट धरायचा नाही. शेठ म्हणाले, "अहो, भोकं तर बरोबर जुळतात!" आप्पा म्हणाले, "शेठ, भोकं जुयनी म्हंजे सोयरिक जुयनी असं नई." चाकं परत गेली. मी घरी येऊन डोक्यावर पांघरूण घेऊन पडलो.

मग आम्ही भंगार पालथं घालायला लागलो. नंदुरबार, दोंडाईचा, सोनगढ, पुढे सुरतेपर्यंत. उन्हात तापलेल्या लोखंडाच्या ढिगांतून आप्पा हातोडी घेऊन फिरायचे आणि मी त्यांच्या डाव्या बाजूने चालायचो, कारण त्या बाजूला काय पडलं आहे हे त्यांना कळत नसे. ते मी का करतो हे त्यांनी कधी विचारलं नाही. सोनगढच्या भंगारवाल्याने एक नुकतीच रंगवलेली डिस्क काढली. मी पाहिली, आमचा ड्रायव्हर जयसिंग याने पाहिली, दोघांनाही ती निर्दोष वाटली. आप्पांनी टिचकी मारली आणि तोंड वाकडं केलं. "हाईना घसा बसेल शे." भंगारवाला हसला. आप्पांनी अंगठ्याच्या नखाने एका भोकाजवळचा रंग खरवडला, आणि खाली केसाएवढी चीर निघाली, एका भोकापासून दुसऱ्या भोकापर्यंत गेलेली. "हात देखस तितलं डोया देखस नई, डाक्टर," ते म्हणाले. मला ते वाक्य फार आवडलं, कारण मला ते हवंच होतं. याला डोळ्यांची गरजच नाही, असं म्हणून मी आणखी महिनाभर निर्धास्त झालो.

सात महिन्यांनी सात डिस्का जमल्या. सहा चाकांच्या आणि एक जादा. मधल्या काळात बसचा मागचा अ‍ॅक्सल मोडका निघाला म्हणून मी भंगारातून दुसरा आणला होता, आणि त्यावर आप्पांनी मला चांगलंच फैलावर घेतलं. कारण असं की जुन्या गाड्यांच्या डाव्या चाकांच्या नटांना उलटे आटे असतात. जगातला दुसरा कुठलाही नट उजवीकडे फिरवला की आवळतो, हा सैल होतो. आमच्या बसच्या पुढच्या डाव्या चाकाचे आटे तसे उलटे होते. मी आणलेल्या अ‍ॅक्सलचे मात्र दोन्ही बाजूंनी सुलटे. "एकच बाईना दोन पाय, दोन चाली!" आप्पा कुरकुरले. मग जयसिंगला समोर उभं करून त्यांनी त्याच्याकडून पाठच करून घेतलं. पुढला डावा उलटा, मागला डावा सुलटा. जयसिंग धडगावकडचा पावरा आदिवासी, अबोल माणूस. त्याने ते देवाचं नाव घेतल्यासारखं तीनदा म्हटलं.

चाकं चढली. नट आवळून झाले की आप्पांची एक पद्धत होती. काडीला चिंधी गुंडाळून ती पांढऱ्या ऑइलपेंटमध्ये बुडवायची आणि प्रत्येक नटावरून डिस्कवर एक सरळ रेघ ओढायची. नटावर अर्धी, डिस्कवर अर्धी. नट जरासा जरी फिरला तरी रेघ तुटते आणि लांबून कुणालाही दिसतं. त्या रेघा ओढताना त्यांचं डावं बोट नटावर असे आणि उजव्या हाताने ते बोटाच्या मागोमाग काडी नेत. रेघा सरळ आल्या होत्या. पाहणाऱ्याला वाटावं, काय नजर आहे म्हाताऱ्याची!

तेवढ्यात शेठ पुन्हा आले. चाकं परत गेल्याचा राग विसरून त्यांनी या वेळी चार व्हीलकप आणले होते. चाकावर बसवायची स्टीलची चकचकीत झाकणं, लग्नाच्या बसला असतात तशी. उद्घाटनाला पाहुणे येणार, फोटो निघणार, बस कशी उठून दिसली पाहिजे. मला नाही म्हणणं शक्य नव्हतं. पडद्यापासून खुर्चीपर्यंत सगळं त्यांनी दिलेलं. आप्पांनी एक व्हीलकप हातात घेऊन उलटासुलटा केला आणि खाली ठेवला. "हाई मी लावू देवाव नई."

"आप्पा, नुसती शोभा आहे."

"शोभाना खाले नट शेत. नट उघडा ऱ्हावाले जोयजे. झाकाई गया का तो कोनले दखास? मी नसू तव्हय जयसिंग देखी, तुम्ही देखशात, रस्तावरला मानूस देखी."

दोन दिवस आमचं यावर वाजलं. मी दमलो होतो. परवानग्या, सह्या, रंगारी, गळणारं छत, आणि आता चार स्टीलची ताटं. दुसऱ्या दिवशी माझा आवाज चढला. 'उघडं काय न् झाकलेलं काय, तुम्हाला तरी कुठे दिसतंय आप्पा!' हे वाक्य माझ्या जिभेवर आलं, अगदी दातांपर्यंत. मी ते गिळलं. आप्पा मान वळवून माझ्याकडे बघत राहिले, जसं काही त्यांनी ते ऐकलं होतं. शेवटी ठरलं, फोटोपुरते व्हीलकप. फोटो निघाला, पाहुण्यांच्या तोंडातला पेढा संपला नाही तोच आप्पांनी पेचकस घालून चारही कप उडवले. शेठ दोन महिने माझ्याशी बोलले नाहीत. त्या कपांतून आता आप्पांच्या शेडमागे कोंबड्या पाणी पितात.

पहिली खेप धडगावच्या बाजाराची. चष्म्यांचे खोके, दाब मोजायचं यंत्र, मी, जयसिंग, मदतीला आलेल्या दोन नर्सबाई आणि आप्पा. पहिल्या खेपेला गाडीबरोबर जायचंच हा त्यांचा नेम होता. म्हसावदच्या पुढे, घाट लागायच्या आधी, एका टपरीवर आम्ही थांबलो. आप्पा पाना आणि त्यात घालायचा लांब पाइप घेऊन उतरले आणि चाकाचाकाशी बसून प्रत्येक नटाला ओढ देऊ लागले. नट हलायला नको, ओढ फक्त खात्रीसाठी. जयसिंग म्हणाला, "आप्पा, मी करू?" आप्पांनी पाना छातीशी धरला. "तू चहा पी."

मी चहा घेऊन टपरीपाशी उभा होतो. काम आटोपून आप्पा हात पुसत होते. माझी नजर सहज मागच्या डाव्या चाकावर गेली आणि तिथेच थांबली. पुढच्या चाकाच्या रेघा सरळ होत्या. मागच्या चाकाच्या दहाच्या दहा तुटलेल्या, प्रत्येक नट दोन बोटं फिरलेला. एकाच बाजूला, सैल व्हायच्या बाजूला. मला क्षणभर कळेना. मग कळलं. चाळीस वर्षं डावीकडचा नट ज्या दिशेला ओढला की आवळतो, त्याच दिशेला आप्पांच्या हातांनी तो ओढला होता. करकर वाजत नट फिरला तेव्हा हातांना वाटलं, बसतोय. रेघ तुटते आहे हे सांगायचं काम डोळ्यांचं होतं.

पुढे घाट होता. त्यातलं एकेक वळण मला माहीत होतं.

"आप्पा," मी जवळ जाऊन हळूच म्हटलं, "मागचं डावं. रेघा तुटल्या आहेत."

ते मागे वळले. चाकापाशी बसले आणि एका नटावर बोट ठेवलं. रेघेचा उंचवटा बोटाला लागला, आणि तिचा दुसरा अर्धा भाग दोन बोटं पलीकडे लागला. मग दुसरा नट. मग तिसरा. दहाही नट त्यांनी चाचपले, एकही सोडला नाही. मग मातीत बसले ते बसलेच. नर्सबाई विचारत होत्या काय झालं, जयसिंग जवळ येऊन उभा राहिला होता. "मन्हाच हातनी चूक शे," आप्पा म्हणाले. "जयसिंगले शिकाडं आनी मीच भुलनू." थोड्या वेळाने त्यांनी पुन्हा पाना लावला, या वेळी सुलट्या बाजूने, आणि मान न वळवता मला म्हणाले, "डाक्टर, तुम्ही सांगा. रेघ जुयनी का?" मी एकेका नटाला "जुळली" म्हणत गेलो. दहाव्यानंतर त्यांनी पाना जयसिंगच्या हातात दिला. तो पुन्हा घेतला नाही.

व्हीलकप लावलेले असते तर मला काही दिसलं नसतं. आम्ही चहा पिऊन, हसतखेळत घाट चढायला लागलो असतो. ज्या नियमापायी मी त्या माणसाशी दोन दिवस भांडलो, त्याच नियमाने आम्हा पाचही जणांना वाचवलं, आणि वाचवलं ते त्याच्याच चुकीपासून.

धडगावला संध्याकाळपर्यंत रांग होती. शेवटची म्हातारी चष्मा लावून हसत उतरली आणि मी आप्पांना आत बोलावलं. ते आले आणि वीस फुटांवरच्या खुर्चीत बसले. उजवा डोळा झाकला, तेव्हा डाव्याला तक्ताच दिसेना. दिवा चालू की बंद एवढंच सांगता आलं. उजव्याने त्यांनी मोठी अक्षरं वाचली, पण मी बाजूने हात आणला तो नाकासमोर येईपर्यंत त्यांना कळला नाही. दाब मोजला. दोनदा मोजला, कारण पहिला आकडा मला मान्य करायचा नव्हता. मोतीबिंदू नव्हता.

मी यंत्र पुसत बसलो. आप्पाच बोलले. "तुम्हले पाटीलना वावरमाच समजनं व्हतं ना?"

"हो."

"माले बी समजनं व्हतं, का तुम्हले समजनं."

"मग बोलला का नाहीत?"

"तुम्ही का बोलना नई?" ते म्हणाले. आवाजात राग नव्हता, फक्त थकवा होता. "मी बोलतू तं तुम्ही मन्हा हातमा चाकं देतात का? शेवटलं काम व्हतं, डाक्टर. गोल नाकनी बस आते कोन आनस?"

नंदुरबारच्या डॉक्टरीणबाईंनी तपासलं. गेलेलं परत येणार नाही, रोज थेंब घातले तर उरलेलं टिकेल, असं त्यांनी आप्पांना नीट समजावून सांगितलं. आप्पांना बाहेर बसवून मी परत आत गेलो आणि विचारलं, यांना सात महिने आधी आणलं असतं तर? त्यांनी कागदावरून मान वर केली. मी कोण, काय काम केलं, हे त्यांना ठाऊक होतं. "डाव्या डोळ्यात काही तरी राहिलं असतं," त्या म्हणाल्या आणि पुन्हा लिहू लागल्या.

आता मी कुणाचाही डोळा पाहिला की जे दिसलं ते त्याच जागी सांगून टाकतो. बाजारात, लग्नात, एकदा तर मयतीला सांगितलं. लोक चिडतात. बस दर आठवड्याला वर जाते, जयसिंग चाकं बघतो, रेघा तोच ओढतो, जराशा वाकड्या. आप्पांची शेड बंद झाली. सुरतेला राहणारी त्यांची लेक सुनंदा त्यांना न्यायला आली, तेव्हा मी स्टँडवर गेलो होतो. थेंबांच्या बाटल्या मी तिच्या पिशवीत ठेवल्या, कुठल्या वेळी कुठला घालायचा ते दोनदा सांगितलं. मग ती पाणी आणायला गेली आणि आप्पांशी मी एकटाच उरलो.

डॉक्टरीणबाई काय म्हणाल्या ते मी त्यांना सांगितलं. सात महिन्यांचं. सांगितल्याशिवाय त्यांना जाऊ देणं मला जमेना. मग मी सरळ माफी मागितली.

आप्पांनी हात पुढे केला. तो माझ्या खांद्याच्या जरा बाजूला गेला आणि मग सापडला. "तव्हय सांगतात तं काय व्हतं?" ते म्हणाले. "मी घर बसतू. तुम्ही बी घर बसतात. बस वावरमाच ऱ्हाती."

हे खोटं नव्हतं. म्हणूनच ते मला अजून सोसत नाही.